दोघांनी उलटायचं पान

ग्रंथालयात सगळे त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणत. अंगापिंडानं त्या चिमणीएवढ्या. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायचं तर स्टूल लागायचं. पण इमारतीच्या मागच्या अंगाला अवाढव्य पुस्तकांची खोली होती आणि ती त्यांच्या ताब्यात होती, म्हणून त्या मोठ्या बाई. खोलीलाही नाव होतं: पैलवानांची खोली. तिथली पुस्तकं कपाटात उभी राहत नसत. रुंद फळ्यांवर आडवी पडून असत आणि एकट्यादुकट्याला दाद देत नसत.

दरवाजाएवढा समुद्राच्या नकाशांचा संग्रह होता. गाणाऱ्यांच्या आख्ख्या ताफ्याला लांबून एकाच पुस्तकातून वाचता यावं म्हणून वीतभर अक्षरांत लिहिलेलं गाण्याचं पुस्तक होतं. शहराच्या गटारांचा गुंडाळी केलेला नकाशा होता, तो पुरता उलगडायला जिनाच लागला असता. आणि कुठल्याशा जुन्या संपातल्या कामगारांचा अर्ज होता: सह्यांचे आणि अंगठ्यांचे कागद एकाला एक चिकटवत नेलेला, सतरंजीसारखा लांबलचक. त्या अर्जाचं पुढं काय झालं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पण बाईंचा जीव होता तो झाडांच्या पुस्तकात. एका माणसानं जन्मभर जंगलं हिंडून ते केलं होतं. त्याचा हट्ट असा, की झाडाचं पान जेवढं असेल तेवढंच छापायचं, कागदासाठी त्याला लहान करायचं नाही. खऱ्या पानाला शाई लावून ते कागदावर दाबलेलं, त्यामुळे शीर न् शीर उमटलेली. एकेक पान छत्रीएवढं. साहजिकच पुस्तकही तेवढं.

हे पुस्तक एकट्यानं चाळता येत नसे. एकानं वरचा कोपरा धरायचा, दुसऱ्यानं खालचा, मधून पातळ पुठ्ठ्याचा आधार सरकवायचा आणि दोघांनी एका श्वासात कागद उचलायचा. एक जण घाईनं पुढं गेला आणि दुसरा मागं राहिला, की कागदाला पीळ पडतो.

हे सगळं लोकांना दाखवावं, असं बाईंना कितीतरी वर्षं वाटत होतं. मागचे दोन संचालक ऐकून घेत, मान डोलवत आणि विसरत. तिसरे संचालक आले ते घरातलेच निघाले. बाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान.

त्यांची नेमणूक व्हायच्या आधी विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाईंनी मोठ्या बाईंना विचारलं होतं, “तुमचे नातेवाईक म्हणून नाही विचारत, माणूस कसा आहे?” बाई म्हणाल्या होत्या, “कामाला वाघ आहे.” ते खोटंही नव्हतं. आल्या आल्या त्यांनी गळकं छत दुरुस्त करून घेतलं, वाचकांच्या दालनात नवे दिवे लावले. कार्यालयात ते बाईंना ‘बाई’ म्हणत आणि घरी बायकोसारखंच ‘ताई’.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आई धाकटीकडे राहायची, कारण धाकटीचं घर मोठं, तळमजल्यावर, आणि नातवंडांत आईचा वेळ जायचा. रविवारी बाई तिकडे जेवायला जात. अशाच एका रविवारी त्यांनी प्रदर्शनाचा विषय काढला आणि मेहुण्यांनी घास हातात धरून पूर्ण ऐकून घेतलं.

“ताई, हे सोनं आहे! आणि तुम्ही ते मागच्या खोलीत पुरून ठेवलंय?”

“मी कुठं पुरलंय? मी तर उकरा म्हणून बोंबलतेय.”

तिथूनच सगळं सुरू झालं. पुढचे काही महिने बाईंना तहानभूक नव्हती. काचेच्या पेट्या मोजमापं देऊन करून घेतल्या. नकाशासंग्रह लिफ्टमध्ये मावेना, दारातून निघेना. शेवटी खोलीचं दार बिजागऱ्यांतून उतरवलं आणि उपाहारगृहातल्या पोरांनी तो गादीवर निजवून आजारी माणसासारखा खाली नेला. झाडांच्या पुस्तकाला गुंडाळायला एवढं मोठं स्वच्छ कापड सापडेना, तेव्हा बाईंनी घरून डबल बेडची चादर आणली. धाकटीनंच कधीतरी भेट दिलेली, घडी न मोडलेली. “चला, कुणाच्या तरी उपयोगी आली,” असं त्या म्हणाल्या आणि पोरं हसली.

मग भिंतीवर फलक लागला. प्रदर्शनाचं नाव ‘महाकाय’. खाली: संकल्पना, संचालक. बाईंचं नाव ‘साहाय्य’ या शब्दाखाली, दिवे लावणाऱ्या माणसाच्या शेजारी. बाई फलकासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग काच पुसायला घेतलेलं फडकं पिळलं आणि पुढच्या पेटीकडे वळल्या. संसार नसलेल्या बाईला अपमान गिळायची सवय नसते असं लोकांना वाटतं, पण ते खरं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या रविवारी जेवताना मेहुणे म्हणाले, “मंत्र्यांच्या हस्ते झाडांच्या पुस्तकाचं पान उलटू या. फीत कापणं फार झालं. काय फोटो येईल!”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“एकच पान.”

“तेच तर नाही. ते उघडून ठेवलंय तिथल्या पानाला कडेनं कुणीतरी पूर्वी पट्टी डकवलीय. ती आता कडक झालीय. उचललं की तिथून जाणार. उघडलंय तसंच राहू दे, वरून काच राहू दे.”

आई समोरच बसली होती. ती हसत म्हणाली, “जावईबापू, ती नाही म्हणतेय ना, मग नादी लागू नका. लहानपणी हिच्या वहीला कुणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायची ही.”

धाकटी हसली, मुलं हसली. मेहुण्यांनी हात जोडले. “बरं ताई. तुमचं पुस्तक, तुमचा कायदा.”

उद्घाटनाच्या दिवशी बाई सकाळपासून जिन्याजवळ होत्या, कारण गटारांचा नकाशा तिथं वरपासून खालपर्यंत सोडला होता आणि त्याच्या एका कडेचा ताण सैल पडला होता. ते आवरून त्या मुख्य दालनात आल्या तेव्हा भाषणं संपत आली होती. पुढच्या रांगा निमंत्रितांच्या. बाई मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. तिथून त्यांना दिसलं, की झाडांच्या पुस्तकावरची काच काढून ठेवलीय.

“काच कुणी काढली?” त्यांनी शेजारच्या शिपायाला विचारलं.

“साहेबांनी सांगितलं. फोटोत चमकते म्हणून.”

बाई गर्दीतून पुढं घुसल्या. मेहुणे मंत्र्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होते. मंत्र्यांनी खालचा कोपरा धरला, मेहुण्यांनी वरचा. पुठ्ठ्याचा आधार शेजारीच टेबलावर पडून होता.

“थांबा!” बाई ओरडल्या. पण त्यांच्या आवाजाला कधी ओरडायची सवय नव्हती, आणि बंदोबस्ताच्या माणसानं हात आडवा घातला.

पान अर्ध्यावर आलं आणि कसंबसं परत बसलं. तेवढ्यात एक छायाचित्रकार म्हणाला, “साहेब, परत एकदा! इकडं बघून!”

दोघांनी इकडं बघितलं. दोघांनी हसून पान उचललं. मंत्र्यांनी जरा जोरातच.

नवीन कापड फाडावं तसा आवाज झाला. कडेच्या पट्टीपासून चीर निघाली आणि छापलेल्या पानाच्या मधल्या शिरेला लागून आत गेली. मंत्र्यांनी चटका बसल्यासारखा हात काढला. मग मेहुणे माईकवर म्हणाले, “म्हातारं माणूस आहे, एवढे पाहुणे बघून घाबरलं!” लोक हसले. टाळ्याही पडल्या.

बाई पुस्तकापाशी पोचल्या तेव्हा पाहुणे चहाकडे निघाले होते. त्यांनी फाटलेल्या दोन्ही कडा जवळ आणल्या, खाली आधार सरकवला आणि तशाच त्या कडा धरून उभ्या राहिल्या. पलीकडून कुणी धरायला असतं तर बरं झालं असतं.

गोष्ट तिथंच मिटली असती. पण ते पुस्तक दान आलेलं होतं आणि दान देणाऱ्या घराण्याची अट होती: पुस्तकाला इजा झाली तर ते परत मागायचा हक्क त्यांना राहील. वर्तमानपत्रात मंत्र्यांचा फोटो आला, खाली फाटल्याची बातमीही आली. घराण्याच्या वकिलानं विचारणा केली आणि विश्वस्त मंडळाला चौकशी लावावी लागली. मेहुणे अजून कायम झालेले नव्हते. त्यांनी लिहून दिलं, की पान उलटण्यास योग्य असल्याचं संबंधित विभागाच्या प्रमुखांनी तोंडी सांगितलं होतं.

संबंधित विभागाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई.

त्याच संध्याकाळी धाकटी बाईंच्या घरी आली. ती सहसा येत नसे. तीन जिने चढायचा तिला कंटाळा. आल्यावर तिनं पाणी मागितलं आणि प्यायलं नाही.

“ताई, तू नुसतं एवढंच म्हण, की गैरसमज झाला. तू एका पानाबद्दल बोललीस, त्यांना दुसरं वाटलं.”

“गैरसमज झाला नाही.”

“अगं, मला माहितीय. मी होते ना तिथं.”

“मग?”

“मग काय! त्यांना काढलं तर परत कोण घेईल? मुलं अजून शिकतायत. तुझं काय, थोडीच वर्षं राहिलीत. तुला कुणी काढणार नाही. फार तर ताकीद देतील.”

“आणि लोक म्हणतील, मोठ्या बाईंनी ते पान उलटा म्हणून सांगितलं.”

“लोक! कोण लोक? ते पुस्तक बघायला मेलं कोण येत होतं इतकी वर्षं?”

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. समोरच्या गच्चीवर कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं.

“खरं सांगू?” धाकटी मागून म्हणाली. “तुझा राग पानाचा नाहीच. फलकाचा आहे. तुझं नाव खाली लागलं म्हणून तू ह्यांना धडा शिकवायला निघालीयस.”

त्यात काहीच तथ्य नाही, असं त्यांना छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं.

“असेल,” त्या म्हणाल्या. “पण मी त्यांना नको म्हणाले होते, हेही खरंच आहे. मी तेच सांगणार.”

धाकटी दारापर्यंत गेली. चपला पायात घालताना म्हणाली, “आईनं निरोप दिलाय. पान फाटलं तर फाटलं म्हणावं, आता माणसं फाडू नकोस.”

चौकशी अध्यक्षबाईंच्या खोलीत झाली. लांबट टेबल, एका बाजूला अध्यक्षबाई आणि दोन विश्वस्त, दुसऱ्या बाजूला मेहुणे आणि मोठ्या बाई, मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून. अध्यक्षबाई पूर्वी न्यायाधीश होत्या. आवाज न चढवता विचारत.

बाईंनी घडलं तसं सांगितलं. जेवताना विषय निघाला, त्यांनी नको म्हटलं, का नको तेही सांगितलं.

“कार्यालयात बोललात?”

“नाही. जेवतानाच ठरलं होतं, म्हणून परत विषय काढला नाही.”

“म्हणजे लेखी काही नाही.”

“घरातल्या घरात लेखी कुठून असणार?”

एक विश्वस्त हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. “ऐकायला आणखी कोण होतं?”

“माझी बहीण. आणि आई.”

“बहिणीचं सोडा, त्या ह्यांच्या पत्नी. आई कुणाकडे राहतात?”

“ह्यांच्याकडेच.”

“पण आई तुमचीही आहे. त्यांना विचारायला तुमच्या दोघांची हरकत?”

मेहुणे टेबलाकडे बघत म्हणाले, “माझी नाही.” बाई म्हणाल्या, “माझी कशाला असेल?” त्यांच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं होतं. आई बोलायला फटकळ होती, पण खोटं बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. लहानपणी शेजारणीला साखर नाकारतानासुद्धा ती ‘नाही’ म्हणायची नाही, ‘आहे पण देणार नाही’ म्हणायची.

अध्यक्षबाईंनी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. दोनतीनदा वाजून आईनं उचलला. अध्यक्षबाईंनी आपली ओळख दिली आणि सरळ विचारलं, की त्या रविवारी जेवताना तुमच्या मोठ्या मुलीनं जावयांना पुस्तकाचं पान उलटू नका म्हणून सांगितलं होतं का?

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

“त्यांचं कामाचं बोलणं असतं,” आई म्हणाली. “मला त्यातलं काय कळतंय?”

“कळायला नको. ऐकलंत का?”

“जेवताना मी नातवंडांकडे बघते. ह्यांच्याकडे लक्ष नसतं माझं.”

बाई पुढं वाकल्या. “आई, मी बोलतेय. तू म्हणालीस ना, लहानपणी माझ्या वहीला…”

“बाई, मध्ये बोलू नका,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

मग आई म्हणाली, “मला आता ऐकूही कमी येतं हो. वय झालं. नाही आठवत.”

एवढं बोलून तिनंच फोन ठेवला.

मेहुण्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले. बाईंना वाटलं, आता हा माणूस बोलेल. म्हणेल की राहू द्या, त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, “माझं आणखी काही म्हणणं नाही.”

निकाल आला तो कुणालाच न लागणारा. कागद जुना होता, हेतू कुणाचाही वाईट नव्हता, विभाग आणि संचालक यांच्यात समन्वय कमी पडला. मेहुण्यांना समज देण्यात आली. बाईंची बदली वर्तमानपत्रांच्या दालनात झाली, ‘कामाचा ताण हलका व्हावा म्हणून’. पैलवानांच्या खोलीच्या किल्ल्या त्यांनी कार्यालयात जमा केल्या. दान देणाऱ्या घराण्यानं पुस्तक परत मागितलं नाही, कारण एवढं मोठं पुस्तक ठेवायला त्यांच्याकडे जागाच नव्हती.

आणि प्रदर्शनाला झुंबड उडाली. फाटलेलं पान बघायला लोक लांबून लांबून येऊ लागले. समुद्राच्या नकाशांपुढून घाईनं जात, सह्यांच्या अर्जाकडे ढुंकून बघत नसत, आणि झाडांच्या पुस्तकाभोवती कोंडाळं करत. “कुठं फाटलंय? हां, हे बघ, हे बघ!” मेहुण्यांनी पेटीजवळ नवी पाटी लावून घेतली: ‘जतनापुढील आव्हाने’. प्रदर्शनाची मुदत वाढवण्यात आली. त्या वाढीव मुदतीतच ते कायम झाले.

बाई रविवारी जेवायला जाईनाशा झाल्या. धाकटीचा फोन येत नसे. आईचा यायचा. तब्येतीचं, हवेचं, नातवाच्या परीक्षेचं बोलायची. बाई ‘हं’ म्हणत. दोघींपैकी एकीनंही तो विषय काढला नाही. आईला फोनवर सगळं नीट ऐकू यायचं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी शिपाई वर्तमानपत्रांच्या दालनात आला. “बाई, खाली तुमच्या आई आल्यात. साहेबांनी गाडी पाठवली होती.”

इतक्या वर्षांत आई ग्रंथालयात कधी आली नव्हती. बाई खाली उतरल्या. झाडांच्या पुस्तकापाशी आई खुर्चीत बसली होती, मागं धाकटी उभी होती. बाईंना पाहून धाकटी म्हणाली, “मी जरा पाणी बघते,” आणि गेली.

आईनं काचेवर बोट ठेवलं. “हेच का ते?”

“हो.”

आई वाकली. खूप वेळ बघितलं. चीर आता बाईंच्या जागी आलेल्या मुलीनं पातळ कागदानं जोडली होती; बरी जोडली होती, पण दिसायची.

“एवढंसंच फाटलंय होय?” आई म्हणाली. “मला वाटलं, केवढं असेल.”

बाईंनी काचेवर उमटलेला आईच्या बोटाचा डाग पदरानं पुसला.

“मी कुणाच्या घरात राहते, तुला माहितीय ना,” आई काचेकडेच बघत म्हणाली. “रात्री पाणी लागलं तरी त्यांच्यातलंच कुणीतरी उठतं. तू तीन जिने वर राहतेस. मला तिथं नेलं असतंस?”

“तू विचारलं कुठं होतंस?”

“विचारलं असतं तर नेलं असतंस?”

बाईंच्या डोळ्यांपुढं घर आलं. त्यांची एक खोली, चिंचोळं स्वयंपाकघर, दोन माणसांना एका वेळी उभं राहता न येणारं. आईचे गुडघे. नेलं असतं, असं त्या म्हणू शकल्या असत्या. पण आईनं इतक्या नेमकेपणानं विचारलं होतं, की खोटं बोलायची लाज वाटली.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

आईनं मान डोलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी. धाकटी पाण्याची बाटली घेऊन आली. तिच्यामागून मेहुणेही आले, हसतमुख, मोकळे. “ताई, बरं झालं आलात! या, सगळ्यांचा एक फोटो घेऊ, पुस्तकासकट.”

“वर दालन सांभाळायला कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “मला जायला हवं.”

“अहो, एक मिनिट!”

“तिला जाऊ द्या,” आई म्हणाली.

बाई जिन्यानं वर आल्या. दालनात एक म्हातारे वाचक आपली पाळी येईना म्हणून ताटकळत होते. दुसऱ्यानं सकाळपासून एकच वर्तमानपत्र अडवून धरलं होतं. बाईंनी जाऊन ते त्याच्याकडून काढून घेतलं, नेहमीपेक्षा जास्तच फटकारून, आणि म्हाताऱ्यांच्या पुढ्यात टाकलं. तो माणूस बघत राहिला. बाई आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. खाली कुणीतरी मोठ्यानं हसलं. बाईंनी उठून दार लावून घेतलं.